निरोपाचं पान

पेडगावच्या येडबा मेंढपाळाचा पोरगा नागनाथ परभणीच्या कॉलेजात संगणक शिकवायचा, हे गावाला काही केल्या पचत नव्हतं. नोकरी मात्र कच्ची. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघाली तर पगार, नाहीतर मेंढरं होतीच.

१९९२ साली त्यानं बी.एस्सी.ची पोरं मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नेली. मालक व्यंकटराव कॉलेजच्या संचालक मंडळावर होते. ऑफिसात एक संगणक, कापूस मोजायच्या काट्यावर त्याला तारेनं जोडलेला दुसरा. कामगारांच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम करायचा होता.

"माणसं नुसती राबत न्हाईत बाबांनो, बोलतात बी. त्याला जागा ठिवा," नागनाथ म्हणाला. पोरांनी निरोपाचं पान केलं. कुणीही कुणाला लिहावं, पाळी बदलून मागावी.

महिना झाला तरी पान कोरंच. ते रचणारी विद्यार्थिनी पंचफुला रडकुंडीला आली. मग नागनाथनं पोरांना दोन दिवस काट्यापाशी नुसतं बसवलं. तिथं तंबाखूची चंची हातोहात फिरायची, तिच्यासोबत पाळ्यांची अदलाबदलही व्हायची. व्यंकटरावांची जीप दिसली की चंची गायब आणि बोलणंही बंद.

पंचफुलानं कपाळावर हात मारला. "सर, सगळ्यांचे निरोप मालकांना दिसायची सोय मीच केली की!"

ती सोय गुपचूप काढता आली असती. पण तेवढा शहाणपणा नागनाथकडं नव्हता. तो थेट मालकापुढं उभा राहिला.

"माझ्याच जिनिंगात माझ्यापासून चोरी?" व्यंकटराव कडाडले.

"चोरी न्हाई, मालक. पर तुमी वाचायलाव म्हटल्यावर खरं कोन लिहील?"

"करा काय करायचं ते," म्हणत व्यंकटरावांनी तोंड फिरवलं. सोय काढली. आता ज्याचा निरोप त्यालाच दिसेल, असं नागनाथनं काट्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

आठवड्यानं पोरांना घेऊन तो शेवटच्या तपासणीला आला. पानावर त्याच्याच नावानं निरोप होता. काट्यावरच्या सिताराम कारकुनानं इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकली होती: "सर, मालकानं कॉलेजात फोन केलाय. जूनला तुमची ऑर्डर निघणार न्हाई. दुसरीकडं बघून ठिवा. माझं नाव घेऊ नका."

आता मेंढरंच, हे नागनाथला कळून चुकलं. आणि त्याच क्षणी, वेड्यासारखा, त्याला आनंदही झाला.

मागून पंचफुलानं अधीर होऊन विचारलं, "सर, लिहिलं का कुणी?"

त्यानं पान मिटलं. "लिहिलं."

"काय लिहिलंय?"

"ते विचारायचं न्हाई, बाई."