बाबांची जनरल

"काही काम नाही गं, जनरलच फोन केला," काल संध्याकाळी बाबा म्हणाले. मी ऑफिसात होते. "नंतर बोलते," म्हणून फोन ठेवला, पण तो शब्द कानात राहिला.

बोईसरच्या आमच्या चाळीत जनरल म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची पाळी. बाबांना ती क्वचित मिळायची. एरवी बारा बारा तासांची डे नाहीतर नाईट. डेला ते अंधार पडल्यावर यायचे आणि नाईटला दिवसभर झोपायचे. तेव्हा आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही.

अशाच एका जनरलला त्यांनी मला आणि आईला स्कूटरवरून शिरगावच्या किनाऱ्यावर नेलं. भेळवाल्या मावशी आम्हाला बघताच म्हणाल्या, "आज भाऊंची जनरल हाय वाटतं!" आई लाजली. त्या दिवशी तिने केसांत अबोलीही माळली होती. बाबांच्या शर्टाला कारखान्याचा उग्र वास होता आणि सुरूच्या झाडांतून खारा वारा येत होता. भेळ हातात तशीच धरून ते समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढा वेळ लागतो होय सूर्याला बुडायला!"

मी तेव्हा खूप हसले होते.

आता निवृत्त झाल्यापासून त्यांना रोजच जनरल. अंधार पडल्यावर घरी येते ती मी. माझ्या ऑफिसच्या खिडक्यांचे पडदे कधी उघडत नाहीत. मी एक पडदा सरकवला आणि परत फोन लावला.

"काय करताय, बाबा?"

"गॅलरीत बसलोय. बोल तू सावकाश. बुडायला अजून वेळ आहे."