लाइट-पाणी धरून

जळगावात खोली शोधताना एकट्या बाईला जे जे ऐकावं लागतं ते सगळं ऐकून झाल्यावर मला हा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. भाडं लाइट-पाणी धरून. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, लॉटरीच लागली तुला. मलाही तसंच वाटलं. उन्हाळा लागेपर्यंत.

मीटर एकच, खाली मालकांच्या दारात. मालकांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. माणूस सज्जन, आवाज कधी चढवायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी जिन्यात दिसले की फक्त विचारायचे, "कूलर दिवसभर चालूच होता का हो, मॅडम?" बंद करा असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता आलं असतं. नुसत्या चौकशीशी काय भांडणार? मी "हो" म्हणायचे आणि वर जाऊन भांडी आदळायचे.

मे महिन्यात माझ्या वडिलांचं, आबांचं, मूतखड्याचं ऑपरेशन झालं. आई नाही. भडगावकडच्या आमच्या गावात त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. भरपूर पाणी प्यायचं आणि गारव्यात राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वरचा स्लॅब दिवसभर तापायचा. सकाळी कूलरमध्ये पाणी भरून, तो चालू करून मी कामावर जायचे. संध्याकाळी यायचे तेव्हाही तो घरघरत असायचा. तरी घर भट्टीसारखं का, आणि कूलरमधलं पाणी कमी का होत नाही, हे मला कळत नव्हतं. आबांना विचारलं तर म्हणायचे, "माले बरं शे. तू जेवन कर."

एके दिवशी डोकं दुखायला लागलं म्हणून मी दुपारीच घरी आले. कूलर बंद होता. आबा बाथरूमच्या दाराशी ओल्या फरशीवर पडलेले, डोक्यावर ओला पंचा, डोळे अर्धे मिटलेले. अंग तव्यासारखं तापलेलं. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलले. मी तशीच खाली धावले आणि नानांच्या दारात ओरडले, "माझ्या बापाला मारायचंय का तुम्हाला? मेन स्विच कोणी बंद केला?"

नाना जेवणावरून उठून आले. आत त्यांचा पंखा फिरत होता. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"मॅडम, लाइट आहे," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तशाच खरकट्या हाताने रिक्षा आणायला रस्त्यावर पळाले.

दवाखान्यात सलाइन लागलं. आबा भानावर यायला संध्याकाळ झाली. मी विचारलं, "आबा, कूलर कोनी बंद करं?"

"मीच," ते म्हणाले. "तू गई का मी बंद करी देस. तुन्ही गाडी वाजनी का परत चालू करी देस."

"पन कसाले?"

"त्या नाना तुले इचारतस ना, मी आयकं. लाईट त्यासनी. उद्या खोली खाली कर म्हनतीन. एकटी बाईले या गावमा कोन खोली देस?"

मला इतका राग आला की रडूच फुटलं. राग कोणाचा ते ठरेना. आबांचा धरावा तर ते माझ्या खोलीसाठी त्या भट्टीत भाजून निघत होते. नानांची काही चूक नव्हती असं मात्र मी आजही म्हणणार नाही. रिक्षा आणणाराही तोच माणूस होता, हे मला अजून जड जातं.

दवाखान्यातून सोडल्यावर आबांनी सरळ बसस्टँड गाठायला लावलं. मी परोपरीने विनवलं. दुसरी खोली बघते, वेगळ्या मीटरची, लाइटचं बिल माझं मी भरेन म्हटलं. ते ऐकेनात. गावात निंबाखाली खाट टाकली की झालं, शेजारची अक्का भाकर देईल, असं म्हणत ते गाडीत चढले. खिडकीशी बसले तेव्हा मी खालून विचारलं, "परत कव्हय येशात, आबा?"

"हिवाळामा येसू," ते म्हणाले. "तवय पंखाबी लागत नही."