बॉल पाहुणा नाही

जानेवारीतला शनिवार, सकाळचे सहा. हजर: मी, शुभदा, कोचबाई. वाटेत: नीलिमा, "पाच मिनिटांत पोचते" असा मेसेज टाकून. म्हणजे वीस मिनिटं.

कोचबाई नेहमीप्रमाणे रॅकेट कानाशी धरून तारा छेडत होत्या, तंबोरा लावावा तशा. सूर पटला की मान डोलवायच्या आणि ओरडायच्या, "यल्ला, लेडीज! बॉल पाहुणा नाही!"

"यल्ला" म्हणजे अरबीत "चला"; पुढचं मूळ वाक्य इंग्रजी होतं. शुभदाने त्यांना एकदा "पाहुणा नाही" शिकवलं, आणि तेव्हापासून अबुधाबीतल्या आमच्या कंपाउंडच्या कोर्टवर एक सहा फुटी जर्मन बाई दर शनिवारी मराठीत गर्जत असे.

गर्जायला कारण होतं. आमच्या खेळात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. आणि आम्हाला "आउट" म्हणवत नसे. समोरची बिचारी एवढी धावली, घामाघूम झाली, तिला तोंडावर कसं सांगायचं? बॉल वीतभर बाहेर पडला तरी आम्ही म्हणायचो, "असू दे, असू दे, लाइनला लागला असेल." माझी मुलगी जाळीबाहेरून ओरडायची, "आई, यू गाइज आर गिफ्टिंग पॉइंट्स!"

"हे टेनिस आहे की हळदीकुंकू?" कोचबाई विचारत. हळदीकुंकवाला त्या एकदा आल्या होत्या, तेव्हापासून आमचा आजार त्यांना नेमका कळला होता.

टीव्हीवर स्पर्धेच्या पहिल्या दिवशी दिसणारे आणि दुसऱ्या दिवशी न दिसणारे खेळाडू तुम्हीही पाहिले असतील. आमच्या बाई त्यातल्या. वडिलांच्या बेकरीमागच्या भिंतीवर बॉल मारत त्या शिकल्या. मग जुनी व्हॅन घेऊन युरोपभर लहानमोठ्या स्पर्धा. झोप व्हॅनमध्ये, मोजे स्टिअरिंगवर वाळत. त्यातल्या लहान स्पर्धांत दोनदा फायनल, दोनदा हार. "एकाही कपवर माझं नाव नाही," त्या सांगत, "पार्किंगच्या दंडावर मात्र सात देशांत आहे!" एका फायनलची उपविजेतीची थाळी त्यांनी आम्हाला पोह्यांसाठी देऊन टाकली होती.

त्या शनिवारी मात्र सराव संपल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन होतं, महिन्याभरात त्या कायमच्या जर्मनीला निघणार होत्या. "जाण्याआधी मला एक कप पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाव कोरलेला." आणि हसल्या नाहीत. म्हणून आम्ही घाबरलो.

कप एकच होता. अल ऐन शहरातल्या बायकांशी आमचा दरवर्षी सामना होतो, त्याचा फिरता कप. चार वर्षं तो अल ऐनमध्येच होता, फिरता कसला!

मी यादी केली. टोप्या, पाणी, गुडघ्याचे पट्टे, जास्तीचे बॉल. शेवटी लाल शाईत: आउट म्हणणे. अल ऐनपर्यंतच्या दीड तासात आम्ही तिघी गाडीत "आउट!" ओरडायचा सराव करत होतो. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस स्वतःची दारं नीट लागलीत का ते बघू लागला. पुढच्या सीटवर कोचबाई हातवारे करून ताल देत होत्या.

पण तिथे जमीलाभाभी होत्या. मूळच्या रत्नागिरीच्या, पंचवीस वर्षं अल ऐनमध्ये, वयाने आमच्याहून मोठ्या आणि सर्व्हिस अशी की बॉल शिंकतो. खेळाआधीच त्यांनी आमच्यापुढे सांदणांचा डबा उघडला. "खावा गो पोटभर. मग हरा आरामात."

आम्ही खाल्ली. झालं! मी आणि शुभदा जोडीने खेळत होतो, नीलिमा राखीव; दुसऱ्याच गेममध्ये भाभींचा बॉल बाहेर पडला आणि मी म्हणाले, "असू दे, भाभी." बाकावरून विचित्र आवाज आला. खेळ चालू असताना कोचने बोलायचं नाही, म्हणून बाईंनी टॉवेल तोंडात कोंबला होता.

तरीही आम्ही टिकलो. शुभदा त्या दिवशी भुतासारखी पळत होती. शेवटी एक पॉइंट मिळाला की कप आमचा, अशी वेळ आली. भाभींनी उंच बॉल टाकला. तो माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रेषेच्या चार बोटं पलीकडे टेकला. आत म्हटलं तर पॉइंट भाभींचा, बाहेर म्हटलं तर खेळ खलास. शुभदा माझ्याकडे बघत होती. खाल्ल्या सांदणाची चव अजून जिभेवर होती.

"आउट!"

एवढ्या जोरात, की शेजारच्या कोर्टवरचा खेळही थांबला. मला रडू यायच्या बेतात होतं. भाभी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, आउटच होता! चार वर्षं झाली, तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघतेय!"

कोचबाई टॉवेल फडकवत, दुखऱ्या गुडघ्यासकट कोर्टभर धावल्या. आधी मला उचललं, मग शुभदाला. नीलिमाला उचलायला गेल्या, तर ती मोबाइलवर शूटिंग करत होती. हाती लागल्या भाभी, मग त्यांनाच उचललं.

"कोचचं नाव कपवर घालतात का?" मी नंतर भाभींना विचारलं.

"आपला कप, आपला कायदा," त्या म्हणाल्या. "घाल."

बाईंना जाऊन दोन महिने झाले. शनिवारी कोर्टवर जरा जास्तच शांत असतं. निरोपाच्या यादीतली बाकीची सगळी कामं झाली: विमानतळावर सोडणं, रॅकेटांचं पार्सल, घराची किल्ली परत देणं. राहिलंय एकच, कप मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत नेऊन बाईंचं नाव कोरून घेणं. कोरणारा म्हणतो, चार दिवस ठेवायला लागेल. चार दिवस सोडायला कुणी तयार नाही. शुभदाने तो सत्यनारायणाला मांडला, माझी मुलगी शाळेत दाखवायला घेऊन गेली, नीलिमाकडे तो एका बारशाला फुलं घालून उभा होता.

काल जर्मनीहून फोन आला. "कोरलं?"

"या आठवड्यात, इन्शाल्ला," मी म्हणाले, आणि फोन ठेवून ग्रुपवर विचारलं: कप सध्या कुणाकडे आहे?

अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.