चोरीची गोष्ट लिहिण्याआधी

सांगा बघू, कुलपाच्या बाबतीत विश्वास कोणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, की उघडणाऱ्यावर?

वाकोल्यात माझं हार्डवेअरचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर. ऐंशी सालच्या सुमारास रहस्यकथा लिहिणारे बरेच जण माझ्याकडे यायचे. घ्यायचे पाव किलो खिळे आणि विचारायचे तिजोरी कशी फोडतात ते! गिऱ्हाईक जातं, माल जातो, बोलणं मात्र दुकानातच राहतं. असे किस्से साठत गेले. म्हणून नवा लेखक "अण्णा, माहिती कशी गोळा करू?" म्हणाला, की मी त्याला परबांचं सांगतो.

*

परब सरकारी कचेरीत कारकून, दुकानामागच्या चाळीत राहायला. त्यांच्या गोष्टीतला चोर केसांच्या आकड्याने सात लिव्हरचं मजबूत कुलूप टिचकीसरशी उघडायचा.

मी म्हटलं, "परब, हे कुलूप घ्या, घरून आकडा आणा आणि उघडा. मग लिहा."

रविवार होता. माणूस सकाळी स्टुलावर बसला तो जेवायची वेळ टळली तरी उठेना. नख तुटलं, आकडा वाकला, कुलूप ढिम्म! शेवटी त्यांची बायको दुकानात आली.

"अण्णा, आकडा राहू दे तुम्हाला. नवरा तेवढा परत द्या!"

*

पुढच्या गोष्टीत चोर हातोड्याने कुलूप फोडतो आणि आवाजाने सगळी चाळ गॅलरीत धावत येते. मी विचारलं, "नक्की येते?"

परबांनी भर दुपारी स्वतःच्याच दारावरचं कुलूप हाणून फोडलं. घाव, पुन्हा घाव, आवाज पार रस्त्यापर्यंत. मी दुकानात बसून ऐकतोय, आता बोंबाबोंब होणार!

एक दार उघडलं नाही. संध्याकाळी शेजारचे सामंत म्हणाले, "काय परब, देवाचा फोटो लावला वाटतं?"

*

मग त्यांना नादच लागला. कोण किती वाजता बाहेर पडतं, कोणाची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, कोणाची मीटरच्या पेटीवर. गॅलरीत उभं राहून सगळं बघायचे आणि नळावर सगळ्यांना सांगायचे. "सामंत, तुमची किल्ली मीटरवर असते ना? माझ्या चोराला तिथेच सापडणार आहे!"

मी एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "परब, बघा हवं तेवढं. पण बोलू नका. लोक ऐकतात."

"अण्णा, हा रिसर्च आहे!"

आठवडा गेला नाही तोच सामंतांकडे भर दुपारी चोरी झाली. कुलूप शाबूत. किल्ली मीटरवरची!

*

चाळीने दुसरा माणूस शोधलाच नाही. परबांना चौकीत नेलं. हवालदार माझ्या दुकानात आला, आवाज चढवून.

"काय शेठ, ह्याला कुलपं उघडायची ट्यूशन तुम्ही दिली?"

मी म्हटलं, "साहेब, अख्खी सकाळ बसून ह्याला एक कुलूप उघडलं नाही. असला चोर पकडून तुमचंच नाव खराब होईल!"

हवालदार हसला. पुरावा नव्हताच, संध्याकाळी परबांना सोडलं. पण चाळीने सोडलं नाही. परबवहिनी नळावर गेल्या की बायका हंडे उचलून बाजूला. कोणीतरी मुद्दाम त्यांच्या दारासमोरच मोठ्याने म्हणायचं, "किल्ल्या आत घ्या गं!"

परब खोली विकायची भाषा करू लागले. "अण्णा, माझ्या पोराला लोक चोराचा पोर म्हणतायत. कसं राहू इथे?"

मी म्हटलं, "मग लिहा ना! जसं घडलं तसं. पळून गेलात तर सगळे म्हणतील, खरंच होतं."

*

लिहिलं. दिवाळी अंकात छापूनही आलं. नावं बदललेली, बाकी सगळं जसंच्या तसं: चाळ, मीटरची पेटी, माझं दुकान, स्टुलावर बसलेला लेखकसुद्धा. चोरीला गेलेला माल तोच, जो सामंतांनी चौकीत लिहून दिला होता. रेडिओ, चांदीची समई आणि सामंतवहिनींचा सोन्याचा हार.

दिवाळीनंतर परब नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. एक माणूस आला. इस्त्रीचा बुशशर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. म्हणाला, "सात लिव्हरचं दाखवा."

दिलं. त्याने तळहातावर ठेवून उलटंसुलटं केलं, किल्लीला हातही न लावता परत ठेवलं. मग स्टुलाकडे वळला.

"अंकातली गोष्ट तुम्हीच लिहिली ना?"

परबांची नुसती मान हलली.

"झकास लिहिलीय. दुपारची वेळ बरोबर. मीटर बरोबर. रेडिओ बरोबर, समई बरोबर." तो स्टुलाजवळ सरकला. "हार कुठनं आणला?"

"तो... सामंतांनी सांगितला."

"सांगू दे. तुम्ही लिहिणारे लोक, चार माणसं वाचतात." तो दुकानाची पायरी उतरला आणि खालूनच म्हणाला, "साहेब, दुसऱ्याच्या नावावर मांडायचं असेल, तर हिशोब तेवढा इमानदारीत ठेवा!"