उंदरानं खाल्लेली लाली

माझ्या गालांना पहिली लाली लागली ती चिमट्यानं, आणि चिमटा घेणारी माझी माय होती.

दुष्काळाचं साल. लोह्याच्या अलीकडं आमचं गाव आणि गावाबाहेर सरकारी खडीचं काम. बाप सालगडी होता, पण ज्याच्याकडं साल धरलं त्याच्याच रानात नुसती ढेकळं, म्हणून तोही खडी फोडायला. मुकादम बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचा. सकाळी एकेकाला पुढं बोलवायचा आणि तोंड बघायचा. कुणी आजारी दिसलं की घरी. उन्हात कुणी पडलं तर त्याच्या अंगावर यायचं. आमची तर सगळ्यांचीच गालफडं बसलेली. म्हणून माय पुढं जायच्या आधी स्वतःच्या गालांना कचकचून चिमटे घ्यायची, मग माझ्या. लाल गालाचं माणूस दिवसभर टिकतं, असं मुकादमाला वाटतं, हे तिचं शास्त्र. एकदा चिमटा जोरात बसला आणि मी भोकाड पसरलं, तर म्हणते कशी, "रड, रड. रडल्यावर आणखी लाल दिसतीस."

पुढं मी मॅट्रिक झाले. बापानं मला घरातल्या निळ्या कोटातल्या फोटोपुढं उभं केलं आणि सांगितलं, "बी.ए. होऊन ये. मधीच परत आलीस तर ह्या फोटोला तोंड कोण दाखवंल?" आणि लातूरला मावशीकडं धाडलं. मावशी मायची थोरली बहीण.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. मावशीचे मालक, म्हणजे आमचे काका, नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागले. उद्घाटनाचा मांडव उतरवला तेव्हा उरलेल्या लाल क्रेप कागदाचा गठ्ठा त्यांनी घरी आणला. मावशीनं तो स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरला, पुढून झालर सोडली आणि गल्लीतल्या बायकांना बोलवून दाखवला.

जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांमागून कारकून आले आणि कारकुनांमागून त्यांच्या आत्या आल्या, पोरी बघायला. आमच्या समाजातलीही पोरं भराभर नोकरीला लागली. मावशीला तर नोकरीवाल्या नवरदेवांचं पीकच दिसायला लागलं, आणि तिला वाटलं, आपल्या भाचीनं एखादं कणीस तरी खुडावं.

मला मात्र बी.ए. व्हायचं होतं. मधे काहीही नको होतं.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या गॅदरिंगमधे मला आजारी सासूचं काम मिळालं. तरण्याताठ्या पोरीला सासू! रंगवायला नांदेडहून एक म्हातारे मेकअपवाले आले होते. त्यांनी माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडं फिरवलं आणि म्हणाले, "हिला काय रंगवायचं? देवानंच आजारी करून धाडलीय."

माझं डोकं फिरलं. "मग चांगली दिसायला काय लावतात ते सांगा," म्हटलं.

म्हातारा खूश झाला. त्याला शिकवायची हौस होती, शिकणारं कुणी मिळत नव्हतं.

"हस," म्हणाला. मी हसले. "हसल्यावर गालाचा जो गोळा वर येतो, तिथं लाली. नाकापासून दोन बोटं जागा सोडायची. तिथून वर, कानाकडं न्यायची आणि विरवून टाकायची. कुठं संपली ते कळलं तर तू लावलीच न्हाई असं समज. तुझं तोंड लांबट, गाल बसलेले. खड्ड्यात रंग गेला की खड्डा विहीर होतो. वरच ठेव."

"गुलाबी लावू?"

"अजिबात न्हाई! सावळ्या गालावर फिकी गुलाबी म्हणजे भाकरीला कोरडं पीठ चिकटल्यागत. तुला विटेसारखी लाल पायजे."

मग माझ्याच तोंडावर त्यानं सगळं उलटं करून सासू केली. लाली हाडाखाली, खड्ड्यात. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका. आरशात बघितलं तर मला स्वतःलाच दवाखान्यात न्यावंसं वाटलं. त्या आरशातल्या बाईनं स्टेजवर जातिवंत खोकून दाखवलं आणि मला नारळ मिळाला. पण खरं बक्षीस दुसरंच होतं. एका डबीतून दोन तोंडं निघतात, हे मला कळलं होतं.

डबी तर माझ्याकडं नव्हती. पण फळीवर लाल कागद होता. मागच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा फाडायचा, पाण्यात बुडवायचा, आधी तळहातावर टेकवायचा. थेट गालावर लावला तर माकड. तळहातावरचा रंग खोबरेल तेलाच्या एका थेंबात मिसळला की बोटानं लावायचा. सकाळी कॉलेजात जाताना हसून, दोन बोटं सोडून, वर कानाकडं. वर्गातल्या पोरी विचारायच्या, "काय खाती गं तू?" मी म्हणायची, "पालक."

आणि रविवारी पाहुणे आले की तीच लाली खाली, खड्ड्यात.

पहिल्या पाहुण्यांच्या आत्याबाईनं पोह्याची बशी हातातच धरून विचारलं, "पोरीच्या अंगात कसर हाय का? तापल्यागत दिसती."

"न्हाई हो! उन्हातनं आली," मावशी म्हणाली. तेव्हा बाहेर ढग होते.

दुसऱ्या पाहुण्यांपुढं मी थोडी सासूही मिसळली, म्हणजे खोकले. ते बिचारे बशीतले पोहे तसेच ठेवून उठले, आणि जाता जाता काकांना एका डॉक्टरचं नाव सांगून गेले.

इकडं फळीवरचा कागद कमी कमी होत चालला. "उंदीर झालेत," मावशी म्हणाली. "पर लालच कागद का खाऊन राहिलेत?"

काका विडी पेटवत म्हणाले, "सरकारी कागद हाय तो. उंदराला चटक लागती."

मावशीनं पिंजरा लावला. रोज त्यात भाकरीचा तुकडा, आणि रोज सकाळी तुकडा जसाच्या तसा. मी मान खाली घालून अभ्यास करत बसायची.

तिसरं स्थळ आलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा चार महिन्यांवर. मुलगा नव्या जिल्हा परिषदेत कारकून. स्थळ इतकं चांगलं की मावशीनं निरोप धाडून गावाहून मायला बोलवून घेतलं. पाहुणे पुढच्या खोलीत बसले, मावशी त्यांना पाणी द्यायला गेली, आणि मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून आजारी पडत होते. तेवढ्यात माय आत आली.

तिच्या हातातली बशी खाली पडली. "अगं माझे बाई!" तिनं माझ्या गालाला हात लावला. मग कपाळाला. "अंग तर गार हाय." मग तिनं स्वतःची बोटं बघितली. लाल. वास घेतला. फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"किती येळा केलंस हे?"

"दोनदा."

"का गं?"

"माय, लग्न झालं की ते म्हणणार, शिक की खुशाल. मग आधी भाकरी, मग पाणी, मग पोरगं. ह्या गल्लीत तसल्या तिघी हायत."

"आन बी.ए. झालीस तर काय हुईल?"

"तर बाभळीखालच्या खुर्चीत मी बसंन. माझ्यापुढं यायला कुणाला चिमटं घ्यायला लागणार न्हाईत."

पुढून मावशीची हाक आली, "आणा गं पोरीला!" मायनं माझ्या हातातला कागदाचा बोळा काढून घेतला. मला वाटलं, आता चुलीत जातो. पण तिनं तो जिभेला लावून ओला केला.

"खोटं दिसतंय हे," ती म्हणाली. "ताप गालात न्हाई, आधी डोळ्याखाली चढतो. दुष्काळात बघितलंय मी." आणि माझ्या दोन्ही डोळ्यांखाली तिनं एकेक बोट फिरवलं. "आता चल. जास्ती खोकू नको, बावळट दिसतीस."

त्या म्हाताऱ्या मेकअपवाल्यानं बघायला पाहिजे होतं. माझी माय त्याच्या वरचढ निघाली.

मुलाच्या आईनं मला बघितलं आणि पदर सावरला. "कसर हाय जणू."

"हाव," माय म्हणाली. "परीक्षेची हाय. चार महिन्यानं उतरंल. तवा या."

मुलगा मात्र गालात हसला. त्यानं आपली पोह्याची बशी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "तुम्हीच खा, अभ्यासाला ताकद लागते." खोटं कशाला बोलू, तो बरा होता. पण चार महिने कोण थांबतंय? त्याच महिन्यात त्याचं दुसरीकडं जमलं. बायको गोल गालांची केली, असं कानावर आलं.

पाहुणे गेल्यावर मावशी कपाळ धरून बसली. माय म्हणाली, "अक्के, पिंजरा उचल. तुझा उंदीर घावला." सगळं ऐकून मावशी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. काका बोलले. पुढच्या पगाराला त्यांनी गुपचूप एक लालीची डबी आणून दिली. गुलाबी निघाली, पण मन मोडवेना.

गावाला जाताना मायनं एस.टी.च्या खिडकीतून हात काढून माझा गाल चिमटला. "नापास झालीस तर जो पहिला यील त्याला देईन. आन तवा तोंड मी रंगवीन."

मी चार महिने आरसा बघितला नाही.

निकालानंतर नांदेडला स्टुडिओत भाड्याचा काळा झगा घालून फोटो काढला. हसून, दोन बोटं सोडून, वर कानाकडं अशी लाली लावली. माय शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि फोटोवाला काळ्या कापडात शिरल्याबरोबर तिनं पटकन स्वतःच्या दोन्ही गालांना चिमटे घेतले. मला हसू आवरलं नाही, ते तसंच फोटोत आलंय. फोटो काळा-पांढरा. दोघींची लाली कुठंच दिसत नाही.

खाली मी शाईनं लिहिलंय: बी.ए., दुसरा वर्ग. आमच्या घरात त्याआधी कुणी झालं नव्हतं.