हन्नाने जाळलेली वही

खांडबाऱ्यापासून दोन कोसांवर मिशनचा एक छोटा दवाखाना होता. १९३४ साली तिथे हन्ना नर्स होती. सुया उकळायच्या, मलमपट्टी करायची, बाळंतपणं करायची; आणि दर गुरुवारी सात माणसांना कडूकवठीच्या तेलाची सुई टोचायची. त्या सातांना महारोग होता. त्यांची नावं आणि औषधाची मापं एका वेगळ्या वहीत असत. ती वही डॉक्टर आणि हन्ना सोडून कुणी उघडत नसे. आदल्या वर्षी शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याच्या रोगाची बातमी फुटली, तेव्हा लोकांनी त्याची झोपडी पेटवून त्याला रानात हाकललं होतं.

डॉक्टर औषधं आणायला सुरतेला गेले होते. त्या सकाळी चुडामण पाटील चार माणसं घेऊन आला.

"बाई, वही दखाड. गावमा कोनले महारोग शे, ते आमले कळाले पाहिजे."

"किल्ली शोधावी लागेल," हन्ना म्हणाली.

"शोध. आम्ही आठेच बठतस."

किल्ली तिच्या कमरेलाच होती. आतल्या खोलीत तिने वही काढली. नावं पाठ होती, पण मापं दर आठवड्याला वाढत. ओठ न हलवता तिने ती एकदा घोकली. बाहेर खाट करकरली. तिने वही सुया उकळायच्या चुलीत घातली आणि पुठ्ठा चिमट्याने दाबून धरला. मग रोजच्या रोग्यांची मोठी वही नेऊन पाटलापुढे ठेवली.

पाटलाला अक्षरओळख होती. खरूज, डोळे, हिवताप... बोट सरकत सरकत एका ओळीवर थांबलं.

"रूपीबाई. हिले काय व्हयनं व्हतं?"

रूपीबाई त्या सातांतलीच. "हिवताप. कोयनेल दिलं," हन्ना म्हणाली. पावसाळ्यातली ती नोंद खरीच होती.

पाटलाने हुंगलं. "काय जळी ऱ्हायनं?"

"रक्ताच्या पट्ट्या."

तो उठून गेला.

परतल्यावर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "पाठ केलेलं एखादं माप चुकलं तर?"

"त्याच भीतीने झोप येत नाही," हन्ना म्हणाली. तिने सांगितलेल्या मापांवरून डॉक्टरांनी नवी वही केली; तिच्यात नावांच्या जागी नुसते आकडे होते.

गुरुवारी सहाच जण आले. रूपीबाईने पाटलाला दवाखान्यातून निघताना पाहिलं होतं. हन्नाला तिच्या घरी जाता येईना. नर्स दारात दिसली की गाव ओळखणारच. तिसऱ्या आठवड्यात रूपीबाई खांडबाऱ्याच्या बाजारात मिरच्या विकताना दिसली. हन्ना मिरच्या निवडायला बसली.

"वही जाळली मी. पाटलाला काही कळलं नाही."

रूपीबाईने मान वर केली नाही. "पण तुला तर सगळं पाठ आहे ना, बाई?"

"आहे," हन्ना म्हणाली. "घरच्या माणसालाही सांगितलेलं नाही."

होळीनंतर रूपीबाई नाल्याच्या वाटेने आली. तोवर तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकली होती. हन्नाने खिडकी लावून घेतली आणि सुई भरली.