शेवटच्या कडव्याआधी बंद पडणारा सेट

नीट चालणाऱ्या वस्तूबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. आमच्या घरचा फ्रीज लग्नापासूनचा आहे, पण माझ्या डायरीत त्याचं नाव एकदाही आलेलं नाही. गायकवाड सरांकडच्या होम थिएटरचं उलट. तो सेट चालला थोडा आणि बंद पडला फार. त्यामुळे भिंगारच्या आमच्या चर्चमधल्या गायनमंडळाची माणसं भेटली, की अजून त्याच्याच गोष्टी निघतात. त्यातल्या काही लिहून ठेवतो.

*

गायकवाड सर म्हणजे आम्हा सगळ्यांना गायला शिकवणारे. शाळेतून निवृत्त झाले तरी मंडळ सोडलं नव्हतं, पण पुढे ऐकू येणं कमी होत गेलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेही हळूहळू जाईल. कानातलं मशीन लावलं की बोलणं कळायचं, गाणं मात्र डब्यात खडे हलवल्यासारखं यायचं. मोठ्या स्पीकरवर, मोठ्या आवाजात तेवढं नीट ऐकू यायचं.

म्हणून सरांच्या पुण्याच्या मुलीने आपला जुना सेट दिला, एक जड रिसीव्हर, म्हणजे सेटचं मुख्य यंत्र, आणि दोन उभे स्पीकर. आमच्यातला टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा, सुभाष साळवे तो गाडीतून घेऊन आला. रिसीव्हर पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. बायको मागे.

"वहिनींना मागे का रे?" मी विचारलं.

"एकच बेल्ट धड आहे गाडीत," सुभाष म्हणाला. वहिनी त्याच्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत.

*

सरांना एकच गाणं ऐकायचं होतं. मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग, कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घेतलेलं. त्यात चौथ्या कडव्याला सगळे आवाज एकदम चढतात, मग सगळे थांबतात, आणि शेवटच्या कडव्याची पहिली ओळ एक बाई एकटीच गाते. ती बाई म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या सुशीलाबाई. आता बाईंचा गळा वर चढत नाही.

"तेवढी ओळ एकदा नीट ऐकू दे," सर म्हणाले. "मग कान गेले तरी चालतील."

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही सेट जोडला. सरांनी डावा हात स्पीकरच्या लाकडावर टेकवला. "कानाला नाही तर हाताला तरी कळतं," म्हणाले. गाणं सुरू झालं, उजव्या हाताची बोटं ठेका धरू लागली. सर हसत होते. चौथं कडवं चढलं आणि क्लिक. सेट बंद. समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सेट गेला का माझे कान गेले?"

बाईंनी चटकन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सेट गेला. सेटच."

तेव्हापासून आमचा नियम झाला. सेट बंद पडला की शेजारी बसलेल्याने आधी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. हात लागला म्हणजे कान शाबूत.

*

पहिला संशय बाईंवर आला. आमच्या लोकांच्या घरात कुठली वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला क्रोशाचा रुमाल, मिक्सरला क्रोशाचा रुमाल, फोनलासुद्धा होता. रिसीव्हर आला त्याच संध्याकाळी बाई त्याच्यासाठी विणायला बसल्या होत्या, जाड दोऱ्याचं, दुहेरी विणीचं.

मी हात लावून पाहिला तर सेट तव्यासारखा तापलेला.

"बाई, त्याला वारा लागतो. वरनं झाकू नका."

"उघडा कसा ठेवायचा? लोक येतात घरी."

पुष्कळ समजावलं. पुढच्या रविवारी गेलो तर सेटवर नवा रुमाल. बाईंनी मोठ्या अभिमानाने दाखवला. "झरोके ठेवलेत बघ."

तो काढून बाजूला ठेवला, वर टेबलफॅन लावला. सेट थंडगार राहिला आणि चौथ्या कडव्याला बंद पडला.

*

मग विलास पाटोळे. हा आमचा बास, म्हणजे खालच्या पट्टीत गाणारा, मूळचा देवळाली प्रवराचा, शेतातल्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं दुकान आहे. जगातलं कुठलंही यंत्र त्याच्या लेखी विहिरीवरची मोटार.

त्याने सेट मागून पाहिला आणि खाली बसला. "हे कुनी जोडलंय?"

आम्हीच जोडलं होतं. सरांना वाटलं, चार आवाजांचं गाणं आहे तर स्पीकरचे चार खोके हवेत. बायकांच्या सोप्रानोला एक, अल्टोला एक, पुरुषांच्या टेनरला एक, बासला एक. म्हणून चर्चच्या हॉलमधले दोन जुने खोके आणून त्याच तारांना जोडले होते आणि चर्चमध्ये आम्ही उभे राहतो त्याच जागांवर मांडले होते.

"अरे, सगळ्या खोक्यातनं सगळंच वाजतंय. आवाजाला घरं वाटून देनारे तुमीच बघितले. लई लोड हाय ह्याच्यावर. ट्रिप मारनार न्हाई तर काय करल?"

दोन खोके काढले. सेट तरीही चौथ्या कडव्याला बंद पडला. सर नाराज झाले.

"पण टेनर मला तिकडूनच ऐकू येत होता," ते म्हणाले.

सुभाषने कॉलर ताठ केली.

*

पुढची गंमत प्रार्थनेची. आमच्याकडे गाण्याआधी प्रार्थना होते आणि सुभाषची प्रार्थना लांबते. तो आजाऱ्यांपासून सुरुवात करतो, मग प्रवासात असलेले, मग सरकार. त्या दिवशी सगळं तयार ठेवून, सेट लावून आम्ही डोळे मिटले. आमेन म्हणून उघडले तर सेट बंद.

आता तर गाणं सुरूही झालं नव्हतं.

मी सेटची पुस्तिका काढून चष्मा पुसून वाचली. बराच वेळ काही आवाज आला नाही तर हा सेट आपोआप झोपतो, अशी त्यात सोय होती.

विलास म्हणाला, "सुभाषच्या प्रार्थनेत आमीबी झोपतो. पन आमी आमेनला उठतो."

ती सोय मी बंद केली. सुभाषला बंद करणारी सोय कुठल्या पुस्तिकेत नव्हती.

*

शेवटी सेट नगरला दुकानात नेला. तिथे तो सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत चालला. कारागिराने मारामारीचे सिनेमे लावले, बॉम्ब फोडले, सेट हलला नाही. "काही दोष नाही," तो म्हणाला. डॉक्टरकडे गेल्यावर दुखणं थांबतं तसं.

घरी आणून लावला. सरांच्या हातात चहाचा कप होता. तिसऱ्याच कडव्याला क्लिक.

शेजारी मी होतो. मी हात पुढे केला, पण सरांची बोटं कपावर ठेका देतच होती. सेट बंद होता आणि बोटं चालू. मग थोड्या वेळाने ती थबकली, आणि सर माझ्याकडे पाहायला लागले. मी घाईने गुडघ्यावर हात ठेवला. "सेट, सर. सेट गेला."

परत येताना विलास कुणाच्या तरी मोटारीचं सांगत राहिला, आम्ही ऐकत राहिलो.

*

नाताळच्या आधीचा रविवार. बाईंनी मला दारातच गाठलं. डॉक्टर म्हणाले होते, जे ऐकवायचं ते आत्ताच ऐकवा.

मी तारांची टोकं पुन्हा सोलून, पिळून बसवली. सुभाषने स्टॅबिलायझर आणला. विलासने घरातले बाकी दिवे, पंखे सगळे बंद केले. सुभाषने प्रार्थना दोन वाक्यांत उरकली, यावरून काय ते समजा.

सर खुर्चीत बसले. डावा हात स्पीकरच्या लाकडावर, उजव्या हाताची बोटं मांडीवर. बाई सेटजवळ उभ्या, हातात तो झरोक्यांचा रुमाल. गाणं सुरू झालं. गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आम्ही सगळे दिव्याकडे बघत होतो. दुसरं कडवं. तिसरं. चौथं चढलं, सगळे आवाज वर गेले, आणि टिकलं. पहिल्यांदाच टिकलं. सगळे थांबले, बाईंच्या ओळीआधीची ती शांतता आली.

क्लिक.

लाल दिवा लुकलुकला. मी सरांच्या गुडघ्याकडे हात नेला. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको. हात तसाच राहिला.

सरांचे डोळे मिटलेले होते. बोटं थांबली नव्हती. एका ओळीपुरती ती अगदी हळू पडली, मग सगळे आवाज परत येतात तिथे जोरात पडायला लागली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटच्या कडव्याचा ठेका आम्हाला तिघांनाही पाठ आहे. गाणं जिथे संपतं, तिथेच बोटं थांबली.

सरांनी स्पीकरवरचा हात काढला आणि डोळे उघडले. आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्या अर्ध्यावर राहिलेल्या हाताकडे.

"आज कुणी गुडघ्याला हात लावला नाही," ते म्हणाले. "म्हणजे पूर्ण वाजलं."